पामचा शेंडा छाटता येत नाही, म्हणून जागा आधी ठरवावी लागते

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सांगलीजवळ नवा बंगला, काळी माती, बोअरचं पाणी. दर्शनी कंपाउंडच्या आतून दीड-दोन फुटांवर ६ रॉयल पाम ओळीनं लावले, त्याला दोन पावसाळे झाले. झाडं आठ-नऊ फुटांची आहेत, पण पिवळी पडली आहेत. रस्त्याच्या बाजूनं वरून विजेच्या तारा जातात. माळीकाका म्हणतात, युरिया टाका, आणि झाडं तारांना टेकायला लागली की शेंडे छाटून बुटकी ठेवू. गेटजवळचे दोन बॉटल पाम मात्र जागचे हलायला तयार नाहीत. तेव्हा पिवळेपणावर काय टाकावं, छाटणी कधी करावी, की सगळं काढून दुसरंच काही लावावं, असं तुम्ही विचारलंय.

पिवळेपणा हा यातला सोपा भाग आहे. तो बहुतेक वेळा सुधारतो. अवघड भाग तारांचा आहे, कारण रॉयल पाम छाटून बुटका ठेवता येत नाही. त्याचा शेंडा छाटला की झाड मरतं. काही झाडं मरतात आणि काही वाचतात असं इथे नसतं, एका खोडाचा प्रत्येक पाम मरतो. माळीकाकांचा अनुभव आंबा, पेरू, जास्वंदीचा असणार. त्या झाडांना शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात, म्हणून छाटणीनं झाड आटोपशीर राहतं. पाम एकदल आहे, ज्वारी, ऊस आणि केळीच्या गटातला. त्याला वाढीचा एकच कोंब असतो, खोडाच्या अगदी टोकाला, पानांच्या देठांच्या आत दडलेला. नवीन पान तिथूनच येतं आणि खोडाची उंचीही तिथूनच वाढते. तो गेला की मागे दुसरं काहीच नसतं.

दुसरी गोष्ट खोडाची. आंब्याच्या सालीखाली पेशींचा एक जिवंत थर असतो. तो दरवर्षी खोड जाड करतो आणि जखमही हळूहळू झाकून टाकतो. पामला हा थर नाही. म्हणून पामच्या खोडाला ठोकलेला खिळा, गवत कापायच्या मशीनच्या दोरीनं बुंध्याला पडलेली चीर, वर चढताना मारलेले खाचे, हे सगळं झाड असेपर्यंत तसंच राहतं. त्यातूनच पुढे सोंड्या भुंगा आणि बुरशी आत शिरते. दिवाळीत माळा लावायला लोक सर्रास खिळे ठोकतात, ते बघून मला मनापासून वाईट वाटतं. दोरीनं सैल बांधा, काम होतं.

याच रचनेतून तुमच्या बॉटल पामचंही उत्तर मिळतं. पाम आधी जमिनीलगत आपल्या खोडाची जाडी तयार करतो आणि मग त्या जाडीनं वर चढतो. पहिली काही वर्षं तो वाढत नाही असं वाटतं, तेव्हा तो खाली जाडी भरत असतो. बॉटल पाम त्यात मुळातच संथ. तो मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या छोट्या बेटावरचा. तिथे निसर्गात तो फारच थोडा उरला आहे, आणि आपल्याकडे मात्र प्रत्येक नर्सरीत मिळतो. एका वेळी त्याच्यावर मोजकीच पानं असतात, साधारण चार ते आठ. पानं कमी दिसतात म्हणून खत वाढवू नका. नवीन पान हिरवं आणि सरळ येत असेल तर झाड ठीक आहे. त्याला त्याच्या गतीनं जाऊ द्या.

आता पिवळेपणा. इथे माझा तुम्हाला पहिला प्रश्न असा की कोणतं पान पिवळं आहे, खालचं जुनं की वरचं नवं? तुमच्या वर्णनात हे नाही, आणि सगळं निदान त्यावरच अवलंबून आहे. म्हणून दोन्ही शक्यता सांगतो.

फक्त सगळ्यात खालचं एखादं पान पिवळं होऊन वाळत असेल तर तो आजार नाही. वाढत्या वयाचा रॉयल पाम साधारण महिन्याला एक पान टाकतो आणि तेवढंच नवं काढतो. खालची तीन-चार पानं एकदम पिवळी असतील, त्यांवर नारिंगी ठिपके असतील, टोकं करपली असतील, तर पालाशची, म्हणजे पोटॅशची, कमतरता असू शकते. पानाच्या कडेनं रुंद पिवळा पट्टा आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियमची. ही दोन्ही द्रव्यं झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून लक्षण खाली दिसतं.

वरची, नुकती उघडलेली पानं फिकट पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. नवं पान आखूड, आक्रसलेलं, टोकं जळाल्यासारखी, कुरळं येत असेल तर मंगल, म्हणजे मँगनीज. मंगलची कमतरता जास्त गंभीर समजा, कारण ती दुर्लक्षित राहिली तर कोंबच आखडत जातो आणि झाड हातचं जातं.

सांगली-मिरज पट्ट्यातली काळी माती आणि बोअरचं पाणी असं म्हटलं की माझा संशय आधी लोह-मंगलवर जातो. आपल्या काळ्या मातीत पालाश सहसा बरा असतो. मात्र चुनखडी असते, सामू, म्हणजे पीएच, आठच्या आसपास किंवा वर असतो, आणि त्या सामूला जमिनीतलं लोह असूनही मुळांना मिळत नाही. त्यात बोअरचं जड पाणी दररोज पडलं की भर पडते. कृष्णाकाठच्या बऱ्याच जमिनी वर्षानुवर्षांच्या जादा पाण्यानं क्षारपड किंवा चोपण (सोडियम साठून घट्ट झालेल्या) झाल्या आहेत. तुमचा प्लॉट पूर्वी उसाचं रान असेल तर ही शक्यताही धरायला हवी. म्हणून काहीही टाकण्याआधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. मृदा चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. अहवालात सामू, क्षारता आणि चुनखडीचं प्रमाण हे तीन आकडे बघा. जमीन चोपण निघाली तर जिप्सम आणि निचरा हा रस्ता आहे. नुसती चुनखडी जास्त निघाली तर जिप्समनं फायदा नाही.

याशिवाय नव्या बंगल्याची एक खास अडचण असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. कंपाउंडच्या भिंतीलगत बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो. सिमेंट, चुना, प्लास्टरचे तुकडे, वाळू, वरून सहा इंच माती. भिंतीपासून दीड फुटावर लावलेलं झाड नेमकं त्यातच उभं असतं. तिथला सामू बागेच्या बाकीच्या भागापेक्षाही जास्त असू शकतो. म्हणून मातीचा एक नमुना झाडाच्या आळ्यातून आणि दुसरा अंगणाच्या मधून घ्या. दोन्ही अहवालांत फरक दिसला तर कारण सापडलं.

आणि खड्डा. आपल्याकडे पद्धत अशी की तीन बाय तीनचा खड्डा काढायचा, काळी माती बाहेर टाकायची, आणि लाल माती व शेणखतानं तो भरायचा. हलक्या मुरमाड जमिनीत हे चालतं. भारी काळ्या जमिनीत असा खड्डा हौदासारखा होतो. आतली माती भुसभुशीत, भोवतालची चिकण. पावसाचं आणि पाइपचं सगळं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जात नाही. मुळांना हवा मिळाली नाही की ती लोह उचलत नाहीत आणि पान पिवळं पडतं. वरून बघणाऱ्याला वाटतं झाडाला पाणी कमी पडतंय, म्हणून तो आणखी पाणी सोडतो. यावर साधी परीक्षा आहे. बुंध्यापासून दोन फुटांवर हातभर खोल भोक पाडा. माती आंबूस वासाची, चिखलासारखी लागली तर पाणी थांबवा. त्याच भोकात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर खत हा विषयच नाही, निचरा हा विषय आहे. उताराच्या बाजूनं खड्ड्याच्या तळापासून एक चर काढून त्यात खडी भरा आणि पाण्याला वाट करून द्या.

त्याच वेळी बुंध्याजवळची माती हातानं बाजूला करून बघा. झाड सरळ उभं राहावं म्हणून मजूर ते गरजेपेक्षा खोल लावतात. पामची मुळं खोडाच्या अगदी बुडाशी एका पट्ट्यातून फुटतात. तो पट्टा जमिनीच्या पातळीला असावा. फूटभर खाली गाडलेला पाम दोन-तीन वर्षं तग धरतो, मग पिवळा पडत जातो, आणि तेव्हा लावणीची आठवण कोणाला नसते. शिवाय आपल्याकडच्या नर्सरीतले बरेच मोठे पाम आंध्रातल्या कडियमहून, राजमुंद्रीजवळून येतात. ते गोदावरीच्या भागातल्या मातीच्या गोळ्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत किंवा गोणपाटात असतात. पिशवी न काढता झाड खड्ड्यात ठेवलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. तुमचंही तपासा.

आता युरियाचं. टाकू नका. युरियानं पानं काही दिवस गर्द दिसतील, झाड भराभर वाढायला बघेल आणि ज्या द्रव्याची आधीच टंचाई आहे ती आणखी वाढेल. पालाश कमी असलेल्या पामला नुसतं नत्र देणं तर सरळ धोक्याचं. हीच गोष्ट लॉनच्या खताची. पामच्या पायथ्याशी लॉन असेल तर ते खत मुळांना मिळतंच, म्हणून झाडाभोवती किमान दोन-तीन फूट लॉन ठेवू नका. मशीनच्या दोरीपासूनही बुंधा वाचतो.

मी अशा जमिनीत काय करतो ते सांगतो. लोहासाठी चिलेटेड लोह, म्हणजे जमिनीत अडकून न पडता मुळांना मिळेल अशा रूपातलं लोह घेतो, आणि त्यातही ईडीडीएचए प्रकारचं. ईडीटीए प्रकार स्वस्त मिळतो, पण सामू सातच्या वर गेला की तो जमिनीत टिकत नाही, पैसे वाया जातात. तुम्ही तासगावच्या द्राक्षपट्ट्याजवळ आहात, त्यामुळे कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए नक्की मिळेल, द्राक्षवाले ते वापरतात. या उंचीच्या झाडाला २०-२५ ग्रॅम बादलीभर पाण्यात विरघळवून वाफशावर आळ्यात देतो. मंगलसाठी मँगनीज सल्फेट लिटरला ३ ग्रॅम, पानांवर आणि कोंबाच्या आसपास, संध्याकाळी. साधं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फवारायचं असेल तर लिटरला ५ ग्रॅमच्या वर जाऊ नका आणि जवळच्या फरश्या झाका, नाहीतर गंजाचे डाग निघत नाहीत. एवढं लक्षात ठेवा की पिवळं झालेलं पान पुन्हा फारसं हिरवं होत नाही. उपचाराचं फळ पुढच्या पानांत बघायचं, म्हणजे दोन-तीन महिने थांबायचं. लोक पंधरा दिवसांत धीर सोडतात आणि दुसरं औषध आणतात.

नेहमीच्या खतासाठी वर्षातून तीन वेळा, म्हणजे जून, सप्टेंबर आणि फेब्रुवारीत, अर्धा किलो निंबोळी पेंड, १५० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश आणि १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट देतो. हे बुंध्याशी ढीग करून टाकू नका, पानांच्या सावलीखालच्या सगळ्या वर्तुळात पसरा. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं, त्याचं कारण पुढे येईल. काही जण नारळाला घालतात तसं मीठ पामलाही घालायला सांगतात. कोकणात जांभ्या मातीत, भरपूर पावसात नारळाला ते चालून जातं. तुमच्या मातीत आणि त्या पाण्यात मीठ घालणं म्हणजे क्षार विकत आणून टाकणं आहे.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण तिथे हे सगळं उलटं होतं. जांभ्या मातीचा सामू आम्ल बाजूला असतो, लोह भरपूर असतं, आणि पावसानं पालाश धुऊन जातो. तिथे जुन्या पानांवर नारिंगी ठिपके हेच लक्षण जास्त दिसतं. तिथे लोहाची महागडी पावडर घेऊ नका. पालाश आणि मॅग्नेशियम थोडं थोडं, पण वारंवार द्या. पालाशची तूट भरून यायला वर्ष-दोन वर्षंही लागतात.

पानं छाटण्याबद्दल माझं मत ठाम आहे. पूर्ण वाळलेलंच पान काढा. अर्धं पिवळं पान दिसायला वाईट दिसतं, पण झाड त्यातून पालाश ओढून नव्या पानाला देत असतं. ते कापलं की झाड वरच्या हिरव्या पानातून ओढायला लागतं, आणि पिवळेपणा एक पान वर चढतो. रॉयल, फॉक्सटेल, बॉटल यांच्या खोडावर जी गुळगुळीत हिरवी नळी दिसते, ती पानांच्या देठांचीच बनलेली असते आणि कोंब तिच्या आत असतो. सफाईच्या नादात ती सोलू नका. या जाती वाळलेलं पान स्वतःच टाकतात. उत्सवाआधी दोन-चार उभी पानं ठेवून बाकी सगळं उडवण्याची जी पद्धत सोसायट्यांत पडली आहे, तिनं झाड उपाशी राहतं आणि वाऱ्यात कमजोरही होतं. बाहेरची पानं आतल्या कोवळ्या पानांना आधार देत असतात.

पावसाळ्यात एक नजर मात्र नियमित ठेवा. नवं पान उघडल्यावर त्यावर कात्रीनं कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर तो गेंड्या भुंगा आहे. तो कोंबात शिरून न उघडलेलं पान कुरतडतो, म्हणून काप नंतर दिसतात. त्याची अळी वाढते ती शेणखताच्या आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्याच्या ढिगात. कुजलेल्या खताचा आग्रह मी धरला तो यासाठी. खताचा खड्डा झाडांपासून लांब ठेवा आणि अधूनमधून उलथून अळ्या वेचा. गेंड्यानं केलेल्या जखमेतून मग सोंड्या भुंगा येतो, आणि तो आतून खोड पोखरतो. खोडाला भोक, त्यातून तांबूस चिकट स्राव, चावलेला भुसा दिसला तर वाट बघू नका, लगेच जाणकाराला दाखवा. कामगंध सापळा, म्हणजे वासानं भुंगे पकडणारा सापळा, लावायचा तर झाडांपासून दूर, आवाराच्या कोपऱ्यात. तो आसपासचे भुंगे ओढून आणतो, आणि कोवळ्या पामशेजारी टांगला तर आमंत्रणच ठरतं.

मधली सुरळी, म्हणजे न उघडलेलं पान, हलकेच ओढल्यावर हातात आलं आणि बुडाशी कुजका वास असला तर कोंबकूज लागली आहे. सुरुवातीला कळलं तर कुजलेला भाग स्वच्छ करून १ टक्का बोर्डो मिश्रण ओतल्यानं काही झाडं वाचतात. २०१९ च्या महापुरासारखं पाणी तुमच्या भागात येत असेल तर पाणी ओसरताच लहान पामच्या कोंबातला गाळ स्वच्छ पाण्यानं धुऊन काढा. पानांच्या मागे पांढरी चक्राकार नक्षी आणि खालच्या पानांवर काळी काजळी दिसली, तर ती चक्राकार पांढरी माशी. भारतात ती २०१६ पासून आहे. तिच्यावर कडक कीटकनाशक मारू नका. तिला मारणारा एक सूक्ष्म गांधीलमाशीचा प्रकार निसर्गात आहे आणि औषधानं आधी तो मरतो. पानांच्या खालच्या बाजूला जोरदार पाण्याचा फवारा मारा.

इथवरचं थोडक्यात: कोणतं पान पिवळं ते बघा, बुंधा उकरून खोली आणि निचरा तपासा, माती-पाण्याचा अहवाल घ्या, मगच खत. युरिया नाही, शेंडा छाटणी नाही.

आता तारा. रॉयल पाम क्युबा-फ्लोरिडाकडचा. चांगली जमीन मिळाली की तो ६० फुटांच्या पुढे जातो, आणि त्याचं एकेक पान १० फुटांहून लांब होतं. म्हणजे खोडापासून चारी बाजूंना तेवढा पसारा. दीड फुटावरच्या झाडाची निम्मी पानं भिंतीच्या वरून रस्त्यावर जाणार. ओलं पान तारेला लागलं की ठिणगी, वीज बंद, आणि खाली कोणी उभं असेल तर जिवाला धोका. मोठ्या झाडाचं वाळलेलं पान बुडाच्या नळीसकट कित्येक किलोंचं असतं. ते गाडीच्या काचेवर किंवा माणसाच्या डोक्यावर पडणं ही साधी बाब नाही. झाडं तारांपर्यंत पोहोचली की वीज मंडळाची माणसं येऊन छाटणार, आणि त्यांना कोंब वाचवता येणार नाही, कारण कोंबच तारेत असेल. मग ६ मेलेली खोडं दारात उभी राहतील. पालिका हद्दीत मोठं झाड काढायचं तर १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगीही घ्यावी लागते.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. झाडं लहान आहेत तोवर हलवा. पाम हलवायला चांगला असतो, मात्र जमीन उबदार हवी आणि मातीचा गोळा मोठा हवा. जूनचा पहिला चांगला पाऊस होऊन वाफसा आला की करा. काळी माती चिखल असताना गोळा फुटतो आणि कोरडी असताना भेगाळून सुटतो. रॉयलची कापलेली मुळं पुन्हा फुटण्याची शक्यता गोळा जितका मोठा तितकी जास्त, म्हणून खोडापासून चारी बाजूंना निदान दोन फूट आणि खाली दोन फूट धरा. हा गोळा टनाच्या आसपास जातो. माणसांनी ओढून नेण्याचं हे काम नाही, हायड्रा क्रेन बोलवा. पट्टा गोळ्याखालून घ्या, खोडाला गोणपाट गुंडाळून फक्त आधार द्या. गळ्याला पट्टा अडकवून उचललेलं झाड वरून धडधाकट दिसतं, पण आत कोंब दुखावलेला असतो. ते काही महिन्यांनी कळतं. एरवी हिरवं पान काढायचं नाही, पण हलवताना मात्र खालची निम्मी पानं काढा, उरलेली वर सैल बांधा. नव्या जागी आधीच्याच खोलीवर लावा, तीन बाजूंनी टेकू द्या, पण टेकू खोडाला ठोकू नका. खोडाला गोणपाटावर फळ्यांचे तुकडे बांधा आणि टेकू त्या फळ्यांना ठोका.

भिंतीच्या बाजूला मूळ कापताना अडचण येईल. तिथे पूर्ण गोळा निघणार नाही, त्यामुळे सहाच्या सहा जगतील असं मी म्हणणार नाही. नवी जागा किती आहे हेही तुम्ही लिहिलेलं नाही. रॉयलला भिंतीपासून आणि घरापासून किमान १२ फूट, आणि दोन झाडांत तेवढंच अंतर हवं. एवढ्या मोजमापात तुमच्या आवारात दोनच बसत असतील तर दोनच ठेवा. उरलेले गावातल्या एखाद्या शाळेला किंवा मंगल कार्यालयाला द्या, मोकळं मैदान असलेल्या ठिकाणी ते खरोखर शोभतात. दोन रॉयल नीट वाढलेले असले की दारात दुसरं काही लागत नाही.

भिंतीलगत, तारांखाली काय लावायचं? फॉक्सटेलचं नाव तुम्हाला प्रत्येक नर्सरीवाला सांगेल. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या एका कोपऱ्यातलं हे झाड. त्याचं शास्त्रीय नामकरण १९८३ सालचं, आणि आज ते पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत दिसतं. देखणं आहे, पण ३० फुटांपर्यंत जातं, म्हणून तारांखाली नको. आतल्या अंगणात एक लावायला हरकत नाही. भिंतीसाठी माझी पहिली पसंती अरेका पाम. तो मादागास्करचा, आणि गड्ड्यातून अनेक खोडं काढणारा. त्याचं एखादं खोड उंच गेलं की तेवढं बुडापासून कापून टाकता येतं, बाकीची खोडं झुडूप धरून ठेवतात. तुम्हाला हवी ती छाटणी इथे चालते, आणि आडोसाही होतो. क्षाराचं पाणी मात्र त्याला सोसत नाही, पानांची टोकं लगेच करपतात. तुमच्या पाण्याची क्षारता जास्त निघाली तर पावसाचं पाणी साठवून उन्हाळ्यात त्याला द्या किंवा तो बेत सोडा. अशा वेळी बुटका फिनिक्स बघा. तो आठ-दहा फुटांच्या पुढे फारसा जात नाही. फक्त त्याच्या पानांच्या बुडाशी लांब काटे असतात, म्हणून मुलं खेळतात त्या वाटेवर नको. उत्तरेकडच्या सावलीच्या पट्टीत ऱ्हापिस पाम लावा, उन्हात तो पिवळा पडतो.

आपल्या सह्याद्रीतला भेर्ली माड कोणी सुचवला तर जागा मोठी असेल तरच घ्या. मला तो फार आवडतो, त्याच्या फळांवर उदमांजरं आणि धनेश येतात. पण फुलोरा वरून खाली उतरत जातो आणि शेवटचा घोस संपला की झाड मरतं, मग ते उंच खोड घराजवळून काढावं लागतं. फळांच्या गरानं हाताला जबर खाज सुटते, हेही लक्षात असू द्या. वॉशिंग्टोनिया पाम बंगल्याच्या दारात नको. त्याची वाळलेली पानं खोडाला लटकून राहतात, त्यात उंदीर राहतात आणि दिवाळीतल्या एका रॉकेटनं ती पेटू शकतात.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलेली गोष्ट, मुळं घराचा पाया फोडतील का. वड-पिंपळासारखी ती जाड होत नाहीत. पामचं मूळ ज्या जाडीचं फुटतं त्याच जाडीचं राहतं, त्यामुळे पाया उचलण्याची ताकद त्यात नसते. तुमच्या भिंतीला भेगा पडल्या असतील तर त्या काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्यानं पडण्याची शक्यता जास्त आहे. बुंध्याला रोज सोडलेलं पाणी भिंतीच्या पायाशी मुरत असेल तर त्याचाही त्यात हात असतो. म्हणून नव्या जागी ठिबकच्या नळ्या खोडाभोवती गोलात, फूट-दीड फूट अंतरावर टाका आणि झाड वाढेल तसा गोल मोठा करत न्या. माती-पाण्याचे अहवाल आले, पिवळ्या पानांचे फोटो मिळाले, की खताचं प्रमाण तुमच्या आकड्यांप्रमाणे नीट सांगतो. फोटोत एक जुनं पान आणि एक नवं पान शेजारी शेजारी ठेवा.